पंचांग उघडा, मग गाडी काढा: सोलापूरहून कोकण किनारा आणि वाटेतले वन्यजीव

सोलापूरहून कोकणात निघताना हिशेब एकच होतो: किलोमीटर किती, मुक्काम कुठं आणि मासे कुठं चांगले मिळतात. गणपतीपुळ्याचं दर्शन आणि सुरमईचं ताट एवढ्यासाठी तो पुरतो. कासवाची पिल्लं, खडकातली समुद्रफुलं, डॉल्फिन आणि खाडीतल्या मगरी बघायच्या असतील तर मात्र तो हमखास चुकतो. किनाऱ्यावरचं घड्याळ भरती-ओहोटीचं असतं आणि ते रोज पाऊण तासाने पुढं सरकतं. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या खडकांवर तुम्ही दुपारी एकला पोचलात आणि त्या वेळी भरती असली, तर समोर नुसतं पाणी दिसतं. तेच खडक सकाळी साडेसातला उघडे पडून गेलेले असतात.

म्हणून सहलीची तारीख ऑफिसच्या रजेवरून ठरवू नका, तिथीवरून ठरवा. दाते पंचांग आपल्या सोलापुरातूनच निघतं आणि बहुतेक घरांत खुंटीला टांगलेलं असतं. मुहूर्त बघून झाले की या कामालाही तेच काढा.

भरतीचं गणित

कोकणातल्या मच्छीमारांचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी, म्हणजे नऊ. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासून पुन्हा सुरू करायची. हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो. दक्षिणेकडे भरती जरा आधी येते, त्यामुळे मालवण-रत्नागिरीला मुंबईच्या आधी पाणी चढतं. मोबाइलवर भरतीचं कोष्टक मिळतं, पण त्यात ठिकाण मुंबई ठेवून रत्नागिरीला जाऊ नका.

दुसरी गोष्ट पाणी किती मागं जातं याची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती जोरात चढते आणि ओहोटीला पाणी खूप खाली उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. खडकांतले जीव बघायचे तर उधाण हवं आणि ओहोटी उजेडात हवी. या दोन्ही अटी प्रतिपदा ते तृतीया या तीन दिवशी जुळतात. त्या दिवसांत सकाळची ओहोटी साधारण पावणेसात, साडेसात आणि सव्वाआठला पडते. अष्टमीला ओहोटी येते दुपारी बाराला, ऊन डोक्यावर आणि पाणी अर्धवट.

आता यात कासवं बसवू. ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या कोकणच्या वाळूत साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात, त्यामुळे पिल्लांचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. यात उधाणाच्या तीन सकाळी शोधल्या की हाताशी मोजक्याच तारखा उरतात:

माघ पौर्णिमेनंतरची माघ कृष्ण प्रतिपदा ते तृतीया. हवा अजून बरी असते.

महाशिवरात्रीनंतरची फाल्गुन शुद्ध प्रतिपदा ते तृतीया. सगळ्यात उत्तम. पिल्लं भरपूर आणि शिमग्याची गर्दी अजून सुरू झालेली नसते.

होळीनंतरच्या प्रतिपदा-द्वितीयेला ओहोटी छान मिळते, पण तेव्हा अख्खं कोकण शिमग्यात असतं. चाकरमानी गावी आलेले, पालख्या नाचत असतात, घरगुती मुक्काम भरलेले आणि एसटीत उभं राहायला जागा नाही. पालखी बघायची असेल तर जरूर जा. वन्यजीव बघायचे असतील तर टाळा. पाडव्यानंतरचे दोन-तीन दिवसही चालतात, फक्त उकाडा सहन करायची तयारी हवी.

पुढचा सगळा कार्यक्रम फाल्गुन शुद्ध द्वितीयेची सकाळ रत्नागिरीत मिळावी असा बेतला आहे. म्हणजे सोलापुरातून निघायचं अमावास्येला. घरातल्या थोरल्यांची त्याला हरकत असेल तर आदल्या संध्याकाळी पिशवी शेजारी नेऊन ठेवा, प्रस्थान झालं.

मुक्कामाचं बुकिंग जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा उठला की लगेच करा. शनिवार-रविवार टाळता आला तर वेळासला, म्हणजे कासवाची पिल्लं बघायच्या गावी, गर्दी बरीच कमी मिळते.

आधी घराजवळ डोळे तयार करा

दुर्बीण नवी आणि समोर हलती बोट, असा पहिला सराव समुद्रावर केला तर डॉल्फिनऐवजी आभाळच दिसत राहतं. सराव इथेच करा. बार्शी रस्त्यावरचं नान्नज वीस-बावीस किलोमीटरवर आहे. १९७९ साली माळढोकसाठी जाहीर झालेल्या अभयारण्याचा हा भाग. माळढोक आता दिसेल ही आशा धरू नका. पण काळवीट दिसतात, खोकड दिसतं, धाविक पक्षी माळावर पळताना दिसतो, नशीब असेल तर लांडगाही. सूर्य उगवायच्या आत पोचा. नऊनंतर माळावर मृगजळासारखी हवा थरथरते आणि दुर्बिणीतलं चित्र फुटतं. वनखात्याच्या चौकीवर नोंद करूनच आत जा.

तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव किनाऱ्याच्या तयारीसाठी याहूनही उपयोगी. हिवाळ्यात काठच्या चिखलात जे लहान तपकिरी तुतवार, चिखले धावतात, त्यांचेच भाऊबंद खाडीच्या चिखलात भेटणार आहेत. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी बघायला मार्चपर्यंत संधी असते, पण तो वेगळा दिवस आहे.

सामान

दुर्बीण ८×४२ घ्या. १०×४२ जास्त जवळ दाखवते, पण हाताची थरथरही तेवढीच वाढवते आणि बोटीवर ती निरुपयोगी ठरते. खडकांसाठी जुने पकड असलेले कॅनव्हासचे बूट हवेत. शेवाळावर रबरी चप्पल साबणासारखी घसरते, आणि अनवाणी गेलात तर कालवांच्या धारदार कडा तळवे कापतात. टॉर्चला लावायला लाल जिलेटीन कागद आणि रबरबँड. माणशी दोन पंचे, कारण दमट हवेत एक दिवसभर वाळतच नाही. सोलापुरी टेरी टॉवेल तर तिथं दोन दिवस ओलाच राहतो, तो घरी ठेवा.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी प्रवासाला उत्तम, पण कडक भाकरी घट्ट झाकणाच्या डब्यात न्या. किनाऱ्यावर ती उघडी राहिली तर दोन तासांत चिवट होते.

रोख पैसे जवळ ठेवा. वेळास, केळशी भागात नेटवर्क गेलं की मोबाइलने पैसे देणं संपलं. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून आधीच आणावी आणि बोटीत बसायच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.

पूर्ण फेरी हजार-अकराशे किलोमीटरची आहे. गाडी लिटरला १६ देत असेल तर ६५ ते ७० लिटर इंधन धरा. निघण्याआधी ब्रेक पॅड नक्की दाखवून घ्या. का ते घाटात कळेल.

पहिला दिवस (अमावास्या): सोलापूर ते आंबा, वाटेत कृष्णेच्या मगरी

पहाटे साडेचार-पाचला निघा. मंगळवेढा, सांगोला मार्गे मिरज-सांगलीचा रस्ता आता रुंद आणि सपाट आहे. मंगळवेढ्याच्या पुढं उजाडतं. ज्वारीच्या रानांवरून पंख व्हीसारखे उचलून अगदी खालून तरंगणारा शिकारी पक्षी दिसला तर तो भोवत्या, हिवाळी पाहुणा. गाडी रस्त्यावर नको, कडेला पूर्ण उतरवून थांबवा.

सांगलीच्या उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवर भिलवडी आणि नदीपलीकडे औदुंबर. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत. थंडीत आणि उन्हाळ्याच्या तोंडाला त्या सकाळी नऊ ते बारा या वेळात काठावर अंग शेकत पडतात. बघायची पद्धत: पाण्याशी उतरू नका. उंच काठावरून किंवा पुलावरून पलीकडचा किनारा दुर्बिणीने सावकाश न्याहाळा. जबडा उघडा ठेवून निश्चल पडलेली मगर ओंडक्यासारखीच दिसते, म्हणून प्रत्येक ओंडका दोनदा बघा. मळीत काम करणाऱ्या शेतकऱ्यांना विचारलं तर ते नेमकी जागा सांगतात. फेब्रुवारी ते एप्रिल हा मगरीचा अंडी घालण्याचा काळ. मादी घरट्याजवळ असते, त्यामुळे मळीच्या कडेने चालत जाऊन फोटो काढायचा मोह नको. हात धुवायलासुद्धा घाटाच्या पायऱ्या उतरू नका.

बारापर्यंत निघा. जेवण कोल्हापुरात. पुढं मलकापूर, शाहूवाडी करत आंबा गाव उजेडात गाठायचं. मलकापूर सोडलं की गव्यांचा मुलूख सुरू होतो. पूर्ण वाढलेला नर गवा ८०० किलो ते टनभर वजनाचा असतो आणि रात्री तो डांबरावर काळ्या भिंतीसारखा उभा राहतो. त्याचे पाय गुडघ्यापासून खाली पांढरे असतात, दिव्यात तेच आधी दिसतात. दिसले की थांबा, दिवे खाली करा, हॉर्न वाजवू नका. एक गेला म्हणजे वाट मोकळी असंही समजू नका, मागं कळप असतो.

दुसरा दिवस (प्रतिपदा): आंबा ते रत्नागिरी

सकाळी साडेसहा ते नऊ ही वेळ आंब्याच्या जंगलाची. स्थानिक वाटाड्या घ्या. शेकरू दिसण्याआधी ऐकू येतं. कडक, तुटक, खडखडीत ओरड ऐकली की वर शेंड्याकडे बघा. काटक्या-पानांचं मोठं गोल घरटं दिसलं तर शेकरू आसपास आहे. मोठ्या धनेशाच्या पंखांचा आवाज लांबून वाफेच्या इंजिनासारखा येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये उंबर-वड फळले असतील तर त्या झाडाखाली अर्धा तास गप्प बसणं हे तीन किलोमीटर चालण्यापेक्षा फायद्याचं.

मग घाट. सोलापूरचा ड्रायव्हर सपाटीवर तयार झालेला असतो आणि उतारावर तो ब्रेकवर पाय ठेवूनच बसतो. पाचेक किलोमीटर असं गेलं की ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि पेडल दाबलं तरी गाडी म्हणावी तशी थांबत नाही. नियम सोपा आहे: जो चढ ज्या गिअरमध्ये चढला असता, तो उतार त्याच गिअरमध्ये उतरा. दुसऱ्या-तिसऱ्यात इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेक थोडा, ठरावीक अंतराने, पूर्ण सोडून पुन्हा. वास आला तर थांबून वीस मिनिटं थंड होऊ द्या, चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकते. वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची.

साखरपा, पाली करत दुपारी रत्नागिरी. ही वेळ किनाऱ्यावर घालवू नका, उधाणाची भरती असते. शहरातलं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय बघा. उद्या खडकात जे दिसणार आहे त्याची ओळख तिथं काचेआड होते आणि देवमाशाचा सांगाडाही बघायला मिळतो. हातात वेळ असेल तर सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर कोरलेली, कातळशिल्पं. उक्षीचा हत्ती जवळ आहे. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या प्रचंड हत्तीच्या पोटात कितीतरी प्राणी कोरलेत, पण तो रत्नागिरीपासून लांब पडतो. कोकणच्या कातळांवर गेंडाही कोरलेला सापडला आहे. आज या किनाऱ्यावर ना हत्तींचे कळप ना गेंडे, त्यामुळे सहलीतला हा एकमेव प्राणी असा जो वेळ न पाळता कधीही दिसतो. शिल्पावर पाय देऊ नका, खडूने रेषा रंगवू नका.

तिसरा दिवस (द्वितीया): खडकांवरची दोन तासांची शाळा

या सहलीतलं सगळ्यात श्रीमंत प्रकरण हेच, आणि बहुतेक पर्यटक झोपेत घालवतात तेही हेच.

ओहोटी साडेसातला. म्हणजे सव्वासहाला खडकांच्या कडेला उभे राहा. रत्नागिरीहून आरे-वारेकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर जिथं वाळूच्या टोकाला जांभ्याचे आणि काळे खडक समुद्रात शिरतात, ती जागा धरा. पाणी मागं हटत जाईल तसं तुम्ही पुढं सरकायचं. खालच्या टोकाला पोचायची वेळ बरोबर साडेसातची. पाणी फिरलं की वीस-पंचवीस मिनिटांत परत फिरायचं, शेवटचा फोटो राहिला असला तरी. माणसं अडकतात ती समोरच्या लाटेमुळे नाही. भरतीचं पाणी मागच्या सखल खाचेतून आत येतं आणि तुम्ही उभे असलेला खडक बेट होऊन बसतो. म्हणून जाताना मागं वळून परतीची वाट नीट लक्षात ठेवा आणि समुद्राकडे पाठ करून कधीही वाकू नका.

बघायचं कसं? चालून नाही, बसून. पाणी साचलेल्या एका डबक्याजवळ, सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूने, पाच मिनिटं हालचाल न करता बसा. पहिलं मिनिट काहीच दिसत नाही. मग एक शंख चालू लागतो, तो शंखवासी खेकडा. ज्याला तुम्ही हिरवट फूल समजलात ते समुद्रफूल, सी ॲनिमोनी, पाण्यातला कण पकडून मिटतं. झिंगे काचेसारखे आरपार असतात, त्यांचे डोळेच आधी दिसतात. फटीत काळ्या काट्यांचा गोळा म्हणजे सी अर्चिन. तळाशी रबरी काकडीसारखं पडलेली समुद्रकाकडी. रंगीत सागरी गोगलगाय दिसली तर त्या सकाळचं सोनं झालं.

खालच्या भागात जास्त प्रकार दिसतात, वरच्या भागात कमी. कारण वरचे खडक रोज कितीतरी तास उन्हात कोरडे पडतात. तिथं फक्त घट्ट चिकटून राहणारी बार्नेकल, शंख, कालवं टिकतात. म्हणूनच उधाणाची ओहोटी धरायची. भांगाला तो खालचा पट्टा उघडाच पडत नाही.

शंख उचलायचा नाही. शोभेचा वाटणारा नक्षीदार, शंकूसारखा कोन शंख जिवंत असेल तर त्याच्याकडे विषारी सुई असते आणि काही जातींचा दंश माणसाचा जीव घेऊ शकतो. दगड उलटून बघितला तर होता तसाच परत ठेवा. खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात तासाभरात मरतात. रिकामे शंख शंखवासी खेकड्यांची पुढची घरं असतात, पिशवी भरून आणू नका. प्रवाळ, समुद्रपंखा आणि शोभेचे काही शंख तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात. बाजारात मिळतात म्हणून विकत घेतलेत तरी गुन्हा तो गुन्हाच.

आरे-वारे आणि गणपतीपुळे या दोन्ही ठिकाणी पोहायला उतरू नका. वाळू एकदम खोल जाते आणि पाणी आत ओढतं. इथं बुडालेल्यांत घाटावरचेच लोक जास्त सापडतील, कारण सोलापूर-सांगलीकडच्या माणसाला विहिरीत पोहता येतं आणि तेवढं पुरेल असं त्याला वाटतं.

साडेनऊला नाश्ता करून गणपतीपुळे, जयगड. साडेबारा-एकला जयगडच्या धक्क्यावर पोचलात तर भरती जवळ असते, फेरीबोटीचा उतार सौम्य मिळतो. ओहोटीला तोच उतार खडा आणि शेवाळलेला असतो, लहान गाड्यांचं नाक घासतं. माणसं खाली उतरवा, ड्रायव्हर एकटा गाडी चढवेल, वर गेल्यावर हँडब्रेक ओढून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. पलीकडे तवसाळ, तिथून गुहागर, मग धोपावेची दुसरी फेरी आणि दाभोळ. संध्याकाळी शेवटची फेरी किती वाजता ते धक्क्यावर विचारूनच पुढची आखणी करा. चुकली तर चिपळूणमार्गे मोठा वळसा पडतो.

खाडी ओलांडताना खाली मोबाइलमध्ये डोकं नको. उंच झाडावर किंवा टॉवरवर पांढरं पोट, राखी पाठ असा मोठा पक्षी बसलेला असेल तर तो समुद्री गरुड. उडताना त्याचे पंख वर उचललेले आणि शेपटी पाचरीसारखी दिसते. विटकरी अंग आणि पांढरं डोकं असेल तर ती ब्राह्मणी घार, ती पावलोपावली दिसेल. किनाऱ्याच्या चिखलात उड्या मारणारे मासे म्हणजे निवट्या.

मुक्काम दापोलीजवळचं मुरुड किंवा कर्दे. गाडी वाळूवर नेऊ नका. चाक रुततं, मागून भरती येते आणि दरवर्षी कुणाची तरी गाडी पाण्यात जाते. त्याहून वाईट म्हणजे वाळूखाली दीड फुटावर कासवाची अंडी असू शकतात.

चौथा दिवस (तृतीया): डॉल्फिन आणि वेळास

बोट सकाळी सातची. दहानंतर वारा जोर धरतो, पाण्यावर पांढऱ्या टोप्या उठतात आणि त्यात पाठीचा पर ओळखू येत नाही. इथं दिसतात ते हंपबॅक डॉल्फिन, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात आणि खाडीच्या तोंडाशी राहणारे. चित्रातल्यासारख्या उड्या ते क्वचितच मारतात. श्वासाला वर येतात, पाठीचा कुबड दाखवतात आणि बुडतात. एकदा दिसले की त्याच जागी टक लावू नका, त्यांची दिशा धरून पुढच्या पन्नास-शंभर मीटरवर नजर ठेवा.

नावाड्याला आधीच सांगून ठेवा: पाठलाग नको, मध्ये घुसणं नको. साधारण पन्नास मीटरवर इंजिन मंद करून समांतर राहायचं. पाठलागात कळप फुटतो, पिल्लू आईपासून लांब पडतं आणि डॉल्फिन खोल पाण्यात निघून जातात. म्हणजे तुमचेही पैसे गेले. लाइफ जॅकेट अंगावर बांधलेलं हवं, बाकाखाली नाही.

नंतर हर्णै बंदर. मासळीच्या लिलावाच्या वेळी कुरव पक्ष्यांचे थवे बोटींवर घिरट्या घालतात. पुढं आंजर्ले, केळशी करत मंडणगड तालुक्यातलं वेळास पाचच्या आत गाठा.

वेळासचं काम २००२ पासून चालू आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ते उभं केलं, त्याआधी अंडी चोरून विकली जायची. आता कासवमित्र रात्री किनाऱ्यावर फिरून घरटी शोधतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. ती कुंपणातल्या उबवणी केंद्रात तशाच खोलीच्या खड्ड्यात पुरतात आणि प्रत्येकावर तारखेची पाटी लावतात. २०२२ च्या जानेवारीत इथल्याच एका मादीला उपग्रह टॅग लावला गेला, तिचं नाव प्रथमा.

सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास खड्ड्यांवरच्या टोपल्या उचलून बघतात. पिल्लं वर आली असतील तर ती पाण्यापासून काही अंतरावर सोडतात. थेट पाण्यात सोडत नाहीत, कारण वाळूवरून चालत जाणं हा त्यांच्या किनारा ओळखण्याचा भाग मानला जातो. दोरीच्या मागं राहा. फ्लॅश बंद. पांढऱ्या उजेडाकडे पिल्लं वळतात आणि उलट्या दिशेला जातात, रात्री चालायला लाल कागद लावलेलाच टॉर्च.

पिल्लं तिथीवर बाहेर येत नाहीत. वाळूच्या उष्णतेवर येतात. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी गावात फोन करून नेमका प्रश्न विचारा: येत्या चार दिवसांत किती घरट्यांचे पन्नास दिवस भरतायत? "पिल्लं दिसतील का?" असं विचारलंत तर "दिसतील की, या" एवढंच उत्तर मिळेल. एकच घरटं भरत असेल तर मुक्काम एक रात्र वाढवा किंवा तारीख बदला. आंजर्ले आणि गुहागरलाही उबवणी केंद्रं आहेत, त्यांची चौकशी हाताशी ठेवा.

मुक्काम गावकऱ्यांच्या घरी, खाली गादी, साधं सुंदर जेवण. हॉटेलच्या अपेक्षेने जाऊ नका.

पाचवा आणि सहावा दिवस: चिपळूण आणि परत

चतुर्थीची सकाळ पुन्हा वेळासच्या किनाऱ्यावर, म्हणजे पिल्लांसाठी तुम्हाला दोन संधी मिळतात. दुपारी मंडणगड, खेड करत चिपळूण.

पंचमीला भरती पावणेचारला, म्हणजे किनाऱ्यावर ओहोटी पावणेदहाला. खाडीत आत पाणी तासाभराने उशिरा फिरतं. वाशिष्ठीच्या मगरी चिखलाचे काठ उघडे पडले की वर येतात, म्हणून गोवळकोटकडून बोट साडेनऊला धरा, सातला नाही. भरतीला गेलात तर कांदळवन छान दिसेल, मगर पाण्याखाली असेल. बोटीतून हात बाहेर नको.

बाराला निघालात तर कुंभार्ली घाट, पाटण, कऱ्हाड, विटा, पंढरपूर करत तीनशेच्या आसपास किलोमीटर, रात्री आठ-नऊला सोलापूर.

एसटीने जायचं असेल तर

सोलापूर ते कोल्हापूर, तिथून आंबा घाटाने रत्नागिरी, मग चिपळूणमार्गे दापोली किंवा मंडणगड. भिलवडी आणि किनारी रस्ता सोडावा लागतो. फेरीबोट पायी प्रवाशांना घेते, पण पलीकडे वाहन मिळेलच असं नाही. रत्नागिरीतली द्वितीयेची सकाळ आणि वेळासची एक रात्र एवढं मात्र सोडू नका. वेळासला जाणाऱ्या गाड्या मोजक्या आहेत, मंडणगड स्थानकावर परतीची वेळ लिहून घ्या.

दक्षिणेचा पर्यायही आहे: राधानगरी अभयारण्य, फोंडा घाट, कणकवली, मालवण. गवे आणि पाण्याखालचं प्रवाळ बघायचं असेल तर हा बरा. १९८७ साली जाहीर झालेलं सागरी अभयारण्य मालवणलाच आहे. पाणी नितळ असतं ते डिसेंबर-जानेवारीत. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात.

किनाऱ्यावर जखमी प्राणी दिसला तर

कासव किंवा डॉल्फिन वाळूवर पडलेलं असेल तर पाण्यात ढकलू नका. बहुतेकदा ते जखमी किंवा थकलेलं असतं आणि पुन्हा वाहून येतं. कासवाला सावली करा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाक-तोंडावर पाणी ओतू नका. डॉल्फिनच्या डोक्यावरचं श्वासाचं छिद्र उघडं ठेवा. गर्दी मागं हटवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. जाळ्यात अडकलं असेल तर मच्छीमाराला भांडू नका. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापलं तर राज्य सरकार त्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. फोटो काढताना प्राणी आणि कापलेलं जाळं दोन्ही येतील असे काढून त्याला द्या.

घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, चाकांच्या कमानी आणि सायलेन्सरसकट. सोलापूरच्या कोरड्या हवेत मीठ दिसेनासं होतं, पण तिथंच राहतं आणि पहिल्या पावसात पत्रा खायला लागतं. दुर्बिणीच्या भिंगांवर आधी फुंकणी मारा, मग ओलसर मऊ कापड. वाळूचा एक कण असताना कोरडं पुसलंत तर ओरखडा कायमचा.